ढोलवाले ताशाकडे का बघतात?

प्रिय सई,

फोनवर तू विचारलंस, गिरगावच्या मिरवणुकीत ढोलवाले सारखे ताशेवाल्याच्या हाताकडे का बघतात, त्यांना ऐकू येत नाही का? येतं, पण उशिरा.

आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. ताशापासून 34 मीटर मागे असलेल्या ढोलाला ठोका सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोचतो. त्याने कानावर विसंबून टिपरू मारलं, तर तो आवाज पुढे यायला पुन्हा तेवढाच वेळ. पुढच्यांना वाटतं, मागचे रेंगाळताहेत. त्यात चाळींच्या भिंतींवरून घुमून येणारा आवाज मिसळतो. डोळ्याला हा उशीर लागत नाही, म्हणून हात, म्हणजे तालाचा प्रकार, बदलायचा इशारा बघूनच घ्यायचा.

लष्करात हेच गणित पायांना लागतं. तेज चालीत मिनिटाला 120 पावलं, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक. ड्रमपासून 170 मीटरवर आवाज बरोबर एक पाऊल मागे पडतो. पुढे डावा पाय, तिथे उजवा!

निरोपाला मात्र एवढा उशीर चालतो. तिथे ठोका ओळखू येणं महत्त्वाचं. कुचाचा नगारा झाला की छावणी हलायची. युरोपात संध्याकाळी ड्रम वाजला की सैनिक तळावर परतायचे. 4 डिसेंबरच्या नौदल दिनाच्या सुमारास गेटवेला नौदलाचा बीटिंग रिट्रीट असतो, तो त्याचाच वारसा. नगाऱ्याचं कातडं पावसाळी हवेत ओल धरून सैल पडतं, आवाज भदभदतो. मग ते निखाऱ्याच्या शेकावर तापवावं लागतं. भाद्रपदातल्या ढोलांना आता कातड्याऐवजी फायबरची पानं (ज्यावर ठोका पडतो ते पडदे) असतात ती यासाठीच, आणि मला हा बदल पटतो.

वाळवीचे सैनिकसुद्धा धोका जाणवला की डोकं जमिनीवर आपटतात. आफ्रिकेतल्या एका जातीत सेकंदाला सुमारे 11 वेळा. शेजारचा सैनिक ती थरथर पायांनी ओळखून स्वतः आपटू लागतो, असा निरोप वारुळात लांबवर जातो.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलात तर सुतार पक्ष्याकडे कान दे. अडखळती, थांबत थांबत टकटक असेल तर तो सालीखालचे किडे शोधतोय. एका दमात वाजलेली सलग झड असेल तर तो हद्द सांगतोय किंवा जोडीदाराला बोलावतोय. त्यासाठी तो वाळकी, पोकळ फांदी निवडतो, कारण तीच ढोलासारखी घुमते.

तुझा,
बाबा