ब्रश स्क्रिप्ट वापरताना

प्रिय,

पोस्टरच्या मथळ्याला तू ब्रश स्क्रिप्ट, म्हणजे ब्रशने लिहिल्यासारखी दिसणारी अक्षरशैली, निवडलीस, ते योग्यच आहे. आता तिचा स्वभाव नीट ओळखून घे.

ब्रशच्या अक्षरात जाड-बारीक येतं ते दाबातून. हात खाली येताना ब्रश दाबला की रेषा भरते, वर जाताना सैल सोडला की बारीक होते, आणि रंग संपत आला की कड फाटते. रॉबर्ट स्मिथ यांचा १९४२ मधला ‘ब्रश स्क्रिप्ट’ याच नावाचा फॉन्ट आणि रॉजे एक्सकोफाँ यांचा १९५३ मधला ‘मिस्त्राल’ शेजारी ठेवून बघ. पहिल्यात रंगवलेल्या पाटीची सफाई आहे, दुसऱ्यात भरभर लिहिणाऱ्या हाताची घाई. तुझ्या मजकुराला यातलं काय हवं, ते आधी ठरव.

मथळा एक ते चार शब्दांचाच ठेव. पत्ता, फोन नंबर, अटी साध्या, शांत सॅन्स सेरिफमध्ये, म्हणजे टोकांना फराटे नसलेल्या अक्षरांत, लाव. तिथे ब्रशची अक्षरं वाचणाऱ्याला नुसती छळतात. सगळा शब्द रोमन कॅपिटलमध्ये तर कधीच नको. ती अक्षरं शब्दाच्या तोंडाशी एकेकटी उभी राहावीत म्हणून काढलेली असतात, ओळीने लावली की एकमेकांच्या अंगावर येतात.

खरी काळजी घ्यायची ती अक्षरांमधल्या जोडांची. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, शून्यावरच ठेव. थोडं जरी वाढवलं तरी अक्षरं सुटतात, देवनागरीत शिरोरेषाही तुटते. ओळ लांब करायची असेल तर पॉइंट साइज वाढव. सॉफ्टवेअरने फुगवलेला खोटा बोल्डही नको: बारीक रेषा जाड होतात, पोटातली पोकळी बुजते आणि दाबाचा खेळच संपतो.

एकाच शब्दात तेच अक्षर दोनदा हुबेहूब आलं की हाताने लिहिल्याचा भास मोडतो. शेजारच्या अक्षरांनुसार रूप बदलणारी ‘कॉन्टेक्स्टुअल अल्टरनेट्स’ ही सोय चालू कर. फॉन्टमध्ये पर्यायी रूपं असतील तर ती येतील, नसतील तर दुसरं अक्षर आउटलाइन करून, म्हणजे मजकुराचा आकार करून, त्याचं शेपूट थोडं बदल.

आउटलाइन केल्यावर आणखी एक गोष्ट राहून जाते. अक्षरांचे आकार जोडापाशी एकमेकांवर चढलेले असतात. भरीव काळ्यात ते कळत नाही, पण बॉर्डर दिली की जोडाच्या आत रेषा उमटतात आणि व्हिनाइल कटरची, म्हणजे स्टिकर कापणाऱ्या यंत्राची, सुरी तिथेच आडवी फिरते. म्हणून आधी इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडरमधलं युनाइट वापरून सगळे आकार एक कर. कटिंगला कोरड्या ब्रशचा खरखरीत पोतही टाळ. त्यातले बारके ठिपके सोलताना निघून येतात. त्यापेक्षा गुळगुळीत कडांचा फॉन्ट बरा.

छपाईला देण्याआधी खऱ्या मापाची एक प्रिंट काढून भिंतीला लाव आणि दहा फुटांवरून वाच. अडखळायला झालं तर अक्षर मोठं कर, नाहीतर फॉन्ट बदल. लोगोसाठी वापरणार असशील तर परवाना आधी वाच. फुकट मिळणारे बरेच फॉन्ट फक्त वैयक्तिक वापरापुरते असतात.

युनाइट केलेली फाइल तयार झाली की पाठव, जोड बघून देतो.