अ‍ॅक्टा-२ जनुक (रक्तवाहिन्यांच्या स्नायूंतलं अ‍ॅक्टिन हे प्रथिन बनवणारं) काढून टाकलं तर उंदीर जगतो का?

हो ताई, जगतो. खातो-पितो, पिल्लंही होतात. फक्त रक्तवाहिन्या नीट आवळत नाहीत, म्हणून रक्तदाब कमी राहतो. आपल्या रावेरकडे केळीच्या ठिबकची नळी सैल पडली की दाब धरत नाही, तसंच.

खरा घात होतो गुळगुळीत स्नायूंच्या (रक्तवाहिन्या, मूत्राशय अशा अवयवांतल्या, आपोआप चालणाऱ्या) मायोसिनचं, म्हणजे स्नायू आवळणाऱ्या प्रथिनाचं जनुक, एमवायएच-११, निकामी केल्यावर. पिल्लू जन्मतं, पण मूत्राशय रिकामं होत नाही. तट्ट फुगतं, आणि ३ दिवसांत पिल्लू दगावतं. तरी त्याच मूत्राशयाचा स्नायू चेतवून पाहिला तर सुरुवातीचा जोर नसतो, सावकाश टिकणारा ताण मात्र येतो! इतर पेशींतलं साधं मायोसिन तिथे कामाला येतं. मला तर हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

माणसात मात्र अ‍ॅक्टा-२मधल्या डीएनएच्या एका अक्षराच्या बदलानेही महाधमनी फुगून फाटू शकते.