'घोस्ट इन द शेल' पुन्हा पुन्हा बघताना

मामोरू ओशीचा 1995चा मूळ जपानी अॅनिमेशनपटच लावा. 2008च्या '2.0' आवृत्तीत काही दृश्यं संगणकीय चित्रांनी बदलली आहेत, पपेट मास्टर या गूढ हॅकरचा आवाजही पुरुषाऐवजी बाईचा केलाय. ती नंतर, तुलनेपुरती.

पहिल्यांदा कथा निसटणारच, कारण सेक्शन 6 आणि 9 या दोन सरकारी विभागांमधलं राजकारण संवादांत भराभर उरकलंय. पॉज करत बसू नका, सलग बघा.

दुसऱ्यांदा, डोक्यात खोट्या आठवणी घातलेल्या कचरागाडीवाल्याची चौकशी नीट बघा. ज्या फोटोत मुलगी आहे असं तो सांगत असतो, त्यात ती नाहीच. यंत्राचं शरीर असलेल्या नायिकेची, मोतोकोची, धास्ती इथून सुरू होते: आपल्या आठवणी तरी खऱ्या का?

तिसऱ्यांदा हेडफोन लावा. मधली तीनेक मिनिटं संवादच नाहीत: केंजी कावाईचं संगीत, हाँगकाँगवरून रेखाटलेलं शहर, पाऊस. बोटीतून जाणाऱ्या मोतोकोला कॅफेच्या काचेआड हुबेहूब तिच्यासारखी बाई दिसते, पुढे दुकानातले पुतळे येतात. 'इथे काही घडत नाही' म्हणून लोक नेमका इथेच मोबाइल काढतात आणि चित्रपटाचा गाभाच हुकतो!

रणगाड्याच्या लढाईत भिंतीवरच्या जीवनवृक्षाकडे, म्हणजे सजीवांची वंशावळ दाखवणाऱ्या झाडाच्या चित्राकडे, लक्ष ठेवा. गोळ्या खालून वर चढत जातात. टोकाच्या 'होमिनिस' (लॅटिनमध्ये 'माणसाचं') या शब्दापाशी काय होतं ते तिथेच थांबवून बघा.