कोणी वाजवलं, कोणाच्या हुकमावरून?

प्रिय,

छळ आणि नरसंहारातल्या संगीतावरच्या तुझ्या कार्यक्रमाची संहिता वाचली. मेहनत जाणवते, पण पहिलंच वाक्य काढून टाक. ‘छळछावण्यांत संगीताने माणसांना तारलं’ हे ऐकायला गोड आहे, म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते.

बिर्केनाऊत, म्हणजे ऑश्विट्झच्या नाझी मृत्युछावणीत, रोज सकाळी कैदी कामाला निघाले की फाटकाजवळ वाद्यवृंदाने मार्च वाजवायचा, संध्याकाळी परतताना पुन्हा. पाच-पाचांच्या रांगा तालात चालल्या की पहारेकऱ्यांना मोजणं सोपं जाई. दिवसभरात मेलेल्यांना सोबती उचलून आणत, तरी मार्च चालूच. पुरुषांच्या वाद्यवृंदाचा संचालक शिमोन लाक्स जगला-वाचला. त्याने पुढे स्पष्टच लिहिलं, की संगीताने तगवलं ते वादकांना. कारण त्यांना जड काम कमी आणि खायला थोडं जास्त मिळे. १९४३च्या नाताळात त्यांना आजारी स्त्री-कैद्यांपुढे वाजवायला पाठवलं. पोलिश नाताळगीतं सुरू होताच बायका रडू लागल्या आणि मग ओरडल्या : पुरे करा, आम्हाला सुखाने मरू द्या! हा प्रसंग तुझ्या संहितेत नाही. तो यायलाच हवा.

तेरेझीन या चेक भूमीवरच्या नाझी छावणीचं प्रकरण वेगळं. तिथलाच कैदी असलेल्या राफाएल शेख्टर या संगीत-संचालकाने वर्दीचं ‘रेक्विएम’, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, इतर कैद्यांकडून बसवून घेतलं, बहुतेकांकडून ऐकून-ऐकून पाठ करवून. कैद्यांना मृत्युछावण्यांत नेणाऱ्या गाड्या पूर्वेकडे सुटत, गायक कमी होत आणि तो नवे गोळा करून तालीम पुन्हा पहिल्यापासून घेई. इथे संगीत त्यांचं स्वतःचं होतं, यात मला शंका नाही. पण जून १९४४मध्ये रेडक्रॉसचे पाहुणे आले, तेव्हा छावणी किती छान आहे हे दाखवायला नाझींनी याच कलाजीवनाचा वापर केला. ऑक्टोबरात शेख्टरलाही ऑश्विट्झला धाडलं.

रवांडाला तू एका ओळीत उरकलंयस. १९९४मध्ये तिथे तुत्सी समाजाचा वंशसंहार चालू असताना सिमोन बिकिंदी या गायकाची गाणी द्वेष पसरवणाऱ्या आरटीएलएम रेडिओवर वाजत होती, आणि ती लोकप्रिय होती, चालीही छान होत्या. (बेसूर गाण्याने कोणी पेटत नाही.) २००८मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याला १५ वर्षांची शिक्षा दिली, ती मात्र गाण्यांसाठी नव्हे, ध्वनिक्षेपकावरून तुत्सींना मारायची चिथावणी दिल्याबद्दल. हा फरक निवेदनात नीट सांग, लोक हमखास घोळ घालतात.

‘रेक्विएम’ शेवटी ठेवू नकोस. लोक डोळे पुसत, हलके होऊन घरी जातील. ते मध्यंतराआधी घे, आणि नंतर रवांडा.