‘रेअर गोनी’ घेण्याआधी बोटं मोजा

राजारामपुरीतल्या २०० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी विक्रेत्याने ‘रेअर गोनी’ (दुर्मीळ गोनिओपोरा, हे एक कोरल म्हणजे प्रवाळ) म्हणून पाठवलेला फोटो नेमका कशाचा, आणि असं वेगळं कोरल कोल्हापुरात बसून मिळवायचं कुठून, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर या फोटोवरून कुणीच देऊ शकणार नाही. तो निव्वळ निळ्या लाइटखाली काढलाय, आणि त्या उजेडात बरीच साधी कोरलंही चकाकतात. रंगावरून जात ठरत नाही.

पंप बंद करून, पांढऱ्या लाइटमध्ये एकाच पॉलिपचा (कोरलमधल्या एका फुलासारख्या जिवाचा) अगदी जवळून फोटो मागा आणि टोकाची बोटं मोजा. गोनिओपोराला २४, अल्विओपोराला १२. बारा निघाली तर माल वाईट असतो असं नाही, फक्त नाव चुकलंय. आठच असतील आणि प्रत्येकाला पिसासारखे बारीक फाटे असतील, तर ते क्लॅव्ह्युलारियासारखं मऊ कोरल. त्याला गोनीचे पैसे देऊ नका. सगळीकडे एकसारखा पिवळाजर्द किंवा भडक गुलाबी रंग दिसला तर रंगवलेलं असण्याची शंका घ्या. असे तुकडे बाजारात येतात आणि बहुतेक वेळा टिकत नाहीत.

आता मिळवण्याचं. गोनी हे कठीण प्रवाळ. आपल्याकडची सगळी कठीण प्रवाळं, काळी प्रवाळं, फायर कोरल, ऑर्गन पाइप आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणला स्कूबा करायला गेलात तर छोटासा तुकडाही उचलायचा नाही, मेलेला असला तरी. परदेशी कठीण प्रवाळ ‘साइट्स’ (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) याच्या दुसऱ्या परिशिष्टात येतं. म्हणून पुण्या-मुंबईच्या विक्रेत्याकडे आधी आयातीचे कागद मागायचे, भाव नंतर. ‘कागद कशाला, सगळेच विकतात’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. माझं मत विचाराल तर तुमच्या टाकीला रोडॅक्टिस, रिकॉर्डिया, झोअँथस (कोरलसारखेच, पण कठीण सांगाडा नसलेले जीव) यांतले वेगळे प्रकार जास्त शोभतील. ते साइट्सच्या यादीत नाहीत आणि त्यांचे फ्रॅगही (वाढवायला कापलेले तुकडे) सहज होतात. बिल मात्र यांचंही घ्या. झोअँथससोबत त्याचाच भाऊबंद पॅलिथोआ मिसळून येतो. त्याच्या अंगात वाळूचे कण रुतलेले असतात आणि काही प्रकारांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष भरपूर असतं. हातमोजे, चष्मा घालूनच कापा, आणि पॅलिथोआ लागलेला दगड कधीही उकळू नका, वाफेतून विष अंगात जातं.

पुण्याहून माल मागवलात तर रात्रीच्या बसने, थर्माकोलच्या पेटीत. एप्रिल-मेमध्ये दिवसा डिकीत ठेवलेली पिशवी शिजते. घरी आल्यावर बंद पिशवी २० मिनिटं टाकीत तरंगवा, रिफ्रॅक्टोमीटरने (खारटपणा मोजायच्या उपकरणाने) खारटपणा तपासा. टाकीत विशिष्ट गुरुत्व १.०२५ असावं. पिशवीत टाकीचं पाणी थेंब थेंब सोडत तासभर ठिबक लावण्याचा सल्ला अनेक जण देतात. लांबून आलेल्या मालाला तो लागू नाही: पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि साचलेला अमोनिया विषारी होतो. पिशवीचं पाणी टाकीत ओतू नका.

मग डिप, म्हणजे किडे मारायच्या औषधी पाण्यात बुडवणं: बाटलीवर दिलेल्या प्रमाणात आणि तेवढाच वेळ. त्याने किडे मरतात, अंडी नाही. म्हणून जुना प्लग (कोरल चिकटवलेली बैठक) काढून टाका, २० लिटरच्या वेगळ्या टाकीत चार आठवडे ठेवा आणि दर आठवड्याला पुन्हा डिप करा. हे टाळलं की न्युडिब्रँक (झोअँथस खाणाऱ्या समुद्री गोगलगायी) मुख्य टाकीत शिरतात आणि झोअँथस एकेक करून संपतो.

कागद दाखवून गोनी मिळालाच, तर टाकी सहा महिने तरी जुनी असू द्या, अल्कलिनिटी (पाण्याची पीएच सांभाळायची ताकद, ‘डीकेएच’ या एककात) ८ ते ९ डीकेएचवर स्थिर ठेवा, सुरुवातीला ५०-८० पार (PAR, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेडाचं माप) उजेड आणि बोटं हलकी डुलतील एवढाच प्रवाह द्या. पॉलिप उघडायला आठवडा लागला तरी घाबरू नका. पण तपकिरी जेलीसारखा थर दिसला तर त्याच वेळी तो भाग सायफनने ओढून टाका, आणि ते पाणी परत टाकीत सोडू नका.