फेरीबोटीतलं हेल्मेट

"मॅडम, माझ्यात नेमकं काय कमी आहे?"

दापोलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की पुढचं वाक्य काय येणार ते आधीच कळतं. विचारणारी मुलगी असेल तर रंग, मुलगा असेल तर उंची नाहीतर विरळ होत चाललेले केस. मग तुलना. "आमच्या आतेभावाभोवती बघा सगळे कसे जमतात. तो काही देखणा नाही, तरी." त्या 'तरी'तच अर्धं उत्तर असतं, पण बोलणाऱ्याला ते ऐकू येत नाही. म्हणून आज एका मुलाबद्दल लिहिते आहे. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असं गाळलं आहे.

वय अठ्ठावीस. घर खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात, नोकरी अलीकडे. वर्षभरात चार ठिकाणी कांदेपोहे झाले आणि चारही ठिकाणांहून नकार आला. शेवटच्या मुलीकडच्यांनी मध्यस्थाला कारण सांगितलं, "मुलगा बोलतच नाही." ते वाक्य त्याने मला तीनदा ऐकवलं.

एक गुंता आधीच बाजूला काढायला हवा होता. गावात राहणाऱ्या मुलाचं लग्न जमणं कोकणात अवघड झालं आहे. मुंबई-पुण्याची नोकरी हवी, ही अट कुणाच्या चेहऱ्यावरून किंवा स्वभावावरून ठरत नाही. चारांतले दोन नकार सरळ त्या खात्यातले होते. ते स्वतःच्या खात्यावर मांडून घ्यायचे नाहीत, हे मी त्याला पहिल्याच भेटीत सांगितलं. त्याने मान हलवली, पण पटलं नव्हतं.

"चौघींनी नाही म्हटलं. यावरून काय ठरलं?" मी विचारलं.

"मी कुणालाच आवडत नाही, हे ठरलं."

"कुणालाच?"

तो गप्प झाला.

विचार तपासून बघायला शिकवणाऱ्या परंपरेतली मी आहे, आणि ते लपवत नाही. नकार दुखतो, तो दुखणारच. पण 'तिने नाही म्हटलं' इथून 'मी नालायक आहे' इथवरची उडी आपणच मारतो आणि खरी जखम त्या उडीत होते. अल्बर्ट एलिस या मानसोपचारतज्ज्ञांनी हे आधी स्वतःवर आजमावलं होतं. मुलींशी बोलायची त्यांना भयंकर भीती. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं ठरवलं. बाकावर एकटी बसलेली कुणी दिसली की शेजारी बसून बोलायचं. तीसेक जणी उठून गेल्या. शंभर जणींशी गप्पा झाल्या. भेटायला फक्त एक कबूल झाली, आणि तीही आली नाही. पण भीती गेली. ही गोष्ट मी जवळजवळ प्रत्येकाला सांगते.

"आमच्या इथे असं केलं तर मार खाईन, मॅडम," तो म्हणाला. खरंच होतं ते. अनोळखी मुलींच्या मागे लागायला मी कुणालाही सांगत नाही. पण त्याचा बाक मला सापडला होता.

दाभोळ-धोपावे फेरीबोट, काही जण जिला जंगलजेटी म्हणतात. वाशिष्ठीच्या खाडीत दिवसभर इकडून तिकडे चालते. हा रोज दोनदा त्यात असतो, सहा वर्षांपासून. मी सहज विचारलं, "बोटीत काय करतोस?"

"गाडीवरच बसतो."

"आणि?"

"काही नाही. हेल्मेट काढत नाही. परत घालायचंच असतं ना."

काच खाली ओढून, तोंड पाण्याकडे करून. सहा वर्षं तीच माणसं शेजारी उभी आणि याचा चेहरा एकानेही धड पाहिलेला नाही!

रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच या अमेरिकी संशोधकांचा 1992 मधला एक प्रयोग मला फार आवडतो. दिसायला साधारण सारख्या अशा चार मुली एका महाविद्यालयाच्या वर्गात पाठवल्या. एक कधीच गेली नाही, बाकीच्या तिघी पाच, दहा आणि पंधरा तासांना जाऊन बसल्या. कुणाशी बोलायचं नाही, फक्त बसायचं. सत्राच्या शेवटी वर्गाला चौघींचे फोटो दाखवले, तेव्हा जी जास्त वेळा आली होती ती जास्त आकर्षक वाटली. आपण समजतो आकर्षण म्हणजे वीज चमकावी तसं काहीतरी. बहुतेक वेळा ते सवयीने मुरतं. पहिलीच भेट कटू झाली असेल तर मात्र पुन्हा पुन्हा दिसून उपयोग नसतो, हेही सांगायला हवं.

त्याला काम दिलं. बोटीत हेल्मेट काढायचं. रोज एका माणसाला एक प्रश्न विचारायचा, आणि जे उत्तर येईल त्याच उत्तरातून दुसरा प्रश्न काढायचा. घरी गेल्यावर तिकिटाच्या पाठीमागे दोन ओळी लिहायच्या.

पुढच्या भेटीत त्याने हट्टाने नापासाचा निकाल आणला. "सगळे मला वेडा समजत असतील." मी म्हटलं, तिकिटं चालू ठेव. खरं तर गप्पा संपल्यावर समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज बहुतेक जण कमीच बांधतात. 2018 साली मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं. दोघंही घरी जाऊन स्वतःचंच अडखळणं आठवत बसतात.

पाचव्या भेटीला तो रबरबँड लावलेला तिकिटांचा गठ्ठा घेऊन आला. मी ती तारखेप्रमाणे टेबलावर मांडली. पंखा बंद केला, नाहीतर उडाली असती. सुरुवातीच्या तिकिटांवर होतं, 'आवाज कापला.' 'हात कुठे ठेवू कळेना.' 'हसलो ते खोटं वाटलं असेल.' मधल्या रांगेत, 'टेम्पोवाला. मी जरा बरा बोललो.' आणि शेवटच्या रांगेत, 'मासळीवाल्या मावशी. सुनेला सातवा महिना. सोनोग्राफीला चिपळूणला न्यावं लागतं.' 'टेम्पोवाल्याचा मुलगा दहावीला, गणिताला घाबरतो.'

"वाच," मी म्हटलं.

त्याने पहिल्यापासून वाचायला घेतलं. तिसऱ्या रांगेवर थांबला, परत पहिल्या रांगेवर गेला. बराच वेळ बोट तिकिटांवरून फिरत राहिलं. मग हळूच म्हणाला, "इथे मी नाहीच आहे."

हे मी त्याला पहिल्या दिवशीही सांगू शकले असते. न सांगता थांबले, याचं मला आजही समाधान आहे. सांगितलं असतं तर त्याने मान हलवली असती, जशी आधी हलवली होती.

मुली पाहायला जाताना चारही वेळा हा समोरच्या मुलीकडे बघतच नव्हता. स्वतःचीच परीक्षा घेत होता आणि स्वतःच पेपर तपासत होता. अशा माणसाशेजारी बसणाऱ्याला आपण तिथे नसल्यासारखं वाटतं. तो आतेभाव, जो देखणा नाही 'तरी', तो बहुतेक वेळा आपलं बोलणं लक्षात ठेवणारा असतो. गेल्या वेळी तुमची गाय आजारी होती, आता कशी आहे, असं विचारणारा. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते, आरशासमोर हवा तेवढा वेळ घालवा, नीटनेटकं राहाच, पण माणसासमोर गेलात की आरसा घरी ठेवा. विनोदी व्हायला नको. दोन प्रश्न पुरतात, त्यातला दुसरा महत्त्वाचा. लाज वाटतच राहील. ती घेऊनच बोलायचं. ती गेल्यावर बोलू म्हणाल तर ती जात नाही.

मासळीवाल्या मावशींनी त्याला काय ऐकवलं तेही त्याने एका तिकिटावर उतरवून आणलं होतं. "मेल्या, तुला बोलता येतां, तर इतकी वर्सां गप का बसलास?" ते वाचताना तो पहिल्यांदा मोकळा हसला.

दोन महिन्यांनी पाचवं स्थळ पाहून आला. मुलीला पुण्यातच राहायचं होतं, तिने नकार दिला. हे एका वाक्यात सांगून झालं आणि पुढची पंधरा मिनिटं तो तिच्याबद्दलच बोलत होता. तिचा भाऊ बोटीवर असतो, आई घरी कोकम सरबताचा छोटा धंदा करते, तिला ऑफिसपेक्षा लहान मुलांना शिकवायला आवडतं पण घरून परवानगी नाही.

"आणि तू तिला कसा वाटलास?" मी विचारलं.

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. "ते... माझ्या डोक्यातच आलं नाही, मॅडम."