चार वर्षांच्या मुलांसाठी सोंगांची पेटी: काय ठेवावं?

तयार पोशाख विकत घेऊ नका. परीचा फ्रॉक परीचाच राहतो, पण दोन मीटर साधं कापड कधी पदर होतं, कधी फेटा, कधी समुद्र. म्हणून पेटीत आधी ओढण्या, उपरणी आणि आजीच्या जुन्या लाल चौकड्यांच्या कुणबी साडीचे तुकडे घाला. मग टोप्या, पिशव्या, बाबांचा जुना शर्ट. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली छोटी वेताची टोपली मिळाली तर मुलं लगेच मासळी विकायला बसतात!

शिगम्यात, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणात, घोडेमोडणी (कमरेला घोड्याचं सोंग बांधून केलेला नाच) पाहून आलेल्या मुलांना घोडा हवाच असतो. पुठ्ठ्याच्या खोक्याचा तळ कापा, पुढे घोड्याचं तोंड चिकटवा आणि रुंद पट्टे खांद्यावरून घ्या. माझ्या मते पेटीतली सगळ्यात मोलाची वस्तू हीच.

गळ्याला गाठ मारायची नाही, वेल्क्रो लावा, म्हणजे ओढलं की सुटेल. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर सुटे मणी, बटणं नकोत. पावसाळ्यात आपल्याकडे कपड्यांना बुरशी धरते, म्हणून झाकणाच्या पेटीपेक्षा उघडी टोपली बरी. ऊन पडलं की सगळं बाहेर वाळत घाला.